दुर्गकर्ते शिवछत्रपती

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेतील वरच्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही पवन मावळातील तिकोणा पेठेस गेलो होतो. त्रिकोणी आकारामुळे तिकोणा हे नाव रूढ झालेल्या या गडास वितंडगड असेही म्हणतात. पेठेतून वाट धरली म्हणजे पहिला चढ सौम्य वाटतो. परंतु माथ्याजवळच्या उंच उंच दगडी पायऱ्यांशी पोचेपर्यंत चांगल्या धट्ट्याकट्ट्या मुलांचीही बडबड बंद होते. वर पाण्याची टाकी आहेत, महादेवाचे देऊळ आहे, आणि चहूंकडे नजर टाकली असता लोहगड, विसापूर व तुंग हे तिघे सोबती उभे असलेले दिसतात. मध्ये, जेथे पूर्वी पवनेचे खोरे होते, तेथे आता धरणाचे पाणी पसरले आहे.

त्या दिवसांत वर्गात रोमन लोकांचा इतिहास चालू होता. टाक्याच्या काठी भाकरी सोडून बसलेल्या एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले की, रोमन शिपाई तलवारीबरोबर कुदळही वाहत असे, तर मग आमच्या मावळ्यांच्या हाती काय होते? हे गड त्यांनी केवळ जिंकले, की बांधलेही? प्रश्न चांगला होता, आणि दोन वाक्यांत उत्तर देऊन तो संपविणे आम्हांस बरे वाटले नाही. शिवाजी महाराजांचे चरित्र आपणां सर्वांस तोंडपाठ आहे असे आपण समजतो. अफजलखान, शायिस्तेखान, आग्रा हे प्रसंग लहान मुलेही सांगतात. परंतु याच पुरुषाच्या आयुष्याचा केवढा तरी भाग पाथरवट, गवंडी, लोहार आणि सुतार यांच्या कामाच्या चिंतेत गेला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम रोमन लोकांची रीत सांगितली पाहिजे. दिवसाची मजल संपली की तळाभोवती खंदक खणावयाचा, निघालेल्या मातीचा बांध घालावयाचा, त्यावर बरोबर आणलेल्या लाकडी मेखा रोवावयाच्या, आणि मगच विश्रांती घ्यावयाची, हा त्या सैन्याचा नित्यक्रम होता. योसेफस या यहुदी इतिहासकाराने तो प्रत्यक्ष पाहून वर्णिला आहे. इ. स. पूर्वी ३१२ मध्ये अप्पियस क्लॉडियस याने रोमपासून दक्षिणेकडे जाणारा जो रस्ता आरंभिला, त्याच रस्त्याने पुढे प्रेषित पौलास कैदी म्हणून रोमास नेण्यात आले. इ. स. १२२ मध्ये हेड्रियन बादशहाने ब्रिटनच्या उत्तरेस सुमारे ७३ मैल लांबीची भिंत घालण्यास प्रारंभ केला. ती तीन पलटणींच्या शिपायांनी उभी केली, आणि कोणत्या शताधिपतीच्या तुकडीने कोणता तुकडा बांधला, हे तेथील दगडांवर कोरलेले आजही वाचता येते.

आमच्याकडील प्रकार निराळा होता, हे आधीच कबूल करतो. महाराजांचा मावळा हा बारमाही कवायती शिपाई नव्हे. त्यांतील पुष्कळांचे घर शेतीवर चाले. चिरा घडविण्याचे काम कारागिराचे होते, आणि तो कारागीर मजुरी घेऊन काम करी. परंतु लढणे आणि बांधणे ही दोन कामे एकाच धोरणाने चालावीत, एका हाताने घेतलेले दुसऱ्या हाताने पक्के करावे, ही रोमन समज महाराजांच्या ठिकाणी पूर्ण होती, असे आम्हांस वाटते.

महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरी किल्ल्यावर झाला. त्याच सुमारास विजापूरचा सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांच्या जहागिरीचे पुणे गाव जाळले आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरविला. पुढे जिजाबाई मातुश्री लहानग्या शिवबासह पुण्यास येऊन राहिल्या, आणि दादोजी कोंडदेव यांच्या कारभारात ते उजाड गाव पुन्हा वसले. घरे उठत आहेत, पडीक रान लागवडीस येत आहे, पळालेली कुटुंबे परतत आहेत, हे दृश्य ज्या मुलाने रोज पाहिले, त्याचे पहिले शिक्षण कोणते झाले असेल, हे वेगळे सांगावयास नको.

१६४६-४७ च्या सुमारास तोरणा हाती आला. तेथे सापडलेले धन समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर खर्ची घालून राजगड बांधला, अशी परंपरा आहे. राजगड हे सुमारे पंचवीस वर्षे राज्याचे मुख्य ठिकाण होते. त्याच्या तीन माच्या, पद्मावती, सुवेळा व संजीवनी, मधल्या उंच बालेकिल्ल्यापासून तीन बाजूंस पसरल्या आहेत. त्यांतील संजीवनी माचीस दुहेरी तट आहे. बाहेरची भिंत तोफेने ढासळली, तरी शत्रूस आतल्या भिंतीशी अरुंद जागेत गाठ घालावी लागे. १६५६ मध्ये जावळी घेतल्यावर मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखान त्याच गडाच्या पायथ्याशी आला. तो प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. आम्ही एवढेच म्हणतो की, त्या दिवसाची तयारी पाथरवटांनी तीन वर्षे आधी सुरू केली होती.

गड बांधावयाचा म्हणजे काय काय पाहावयाचे, हे महाराजांच्या पश्चात रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात नमूद करून ठेविले आहे. हा ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा असला, तरी त्यातील शहाणपण महाराजांच्या हाताखाली शिकलेले आहे. त्यात पहिला मान पाण्यास आहे. आधी पाणी पाहावे, मग तटाचा विचार करावा. पाणी नसेल तर कातळ फोडून टाकी करावीत. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या दणक्याने झरे आटतात, म्हणून साठ्याचे पाणी वेगळे राखावे. जवळ दुसरा उंच डोंगर असेल तर तोही ताब्यात घ्यावा, नाही तर तेथून तोफ डागली जाईल. दरवाजा दुरून दिसू नये. तिकोण्यावर आमच्या मुलांनी ज्या टाक्यांतील पाण्यात डोकावून पाहिले, तशीच टाकी मावळातील लोहगडावर आहेत, विसापुरावर आहेत. टाके खणताना जो दगड निघतो तोच तटास उपयोगी पडतो, त्यामुळे एका श्रमात दोन कामे होतात. ही युक्ती सह्याद्रीच्या गडांवर सर्वत्र दिसते.

रस्त्यांच्या बाबतीत मात्र महाराजांची रीत रोमन रीतीच्या अगदी उलट होती, आणि यात मोठी मौज आहे. रोमन लोकांस दूरदूरच्या प्रांतांत फौज त्वरेने न्यावयाची होती, म्हणून त्यांनी बाणासारखे सरळ व फरसबंद रस्ते केले. महाराजांस परक्यांची मोठी फौज आपल्या मुलखात शिरू द्यावयाची नव्हती. तेव्हा गडाच्या वाटा अवघड राहू द्याव्या, भोवतालची झाडी तोडू नये, हेच त्यांच्या धोरणास धरून होते. आमच्या लोणावळ्याच्या पायथ्याशी याचा पडताळा आला. शायिस्तेखानाने कारतलबखान नावाचा सरदार कोकण घेण्यासाठी पुण्याहून पाठविला. तो मोठ्या सैन्यासह कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला. खाली उंबरखिंडीची अरुंद, पाणी नसलेली, गर्द झाडीची वाट होती. २ फेब्रुवारी १६६१ रोजी फौज त्या वाटेत पुरती शिरल्यावर दोन्ही बाजूंच्या झाडीतून मराठे तिच्यावर तुटून पडले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. शेवटी खानाच्या सैन्यात असलेल्या रायबागन या शूर बाईच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि सामानसुमान टाकून जीव वाचविला. इ. स. ९ मध्ये जर्मनीच्या अरण्यात वारस नावाच्या रोमन सेनापतीच्या तीन पलटणी अशाच झाडीत सापडल्या होत्या, आणि त्या परत आल्या नाहीत. जेथे सडक नव्हती तेथे रोमन शिपायाचेही काही चालले नाही! याच डोंगरातून बोरघाटाची गाडीवाट १८३० मध्ये आणि आगगाडी १८६३ मध्ये गेली; तेव्हा राज्य दुसऱ्याचे होते व प्रयोजनही दुसरे होते.

डोंगरात जे साधले ते समुद्रातही साधावे, असे महाराजांच्या मनाने घेतले. कल्याण व भिवंडी १६५७ मध्ये हाती आल्यापासून गलबते बांधणे चालू झालेच होते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या समोर कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. बेटाचा विस्तार सुमारे ४८ एकर. चुना, लोखंड, शिसे, सर्व होडीने न्यावयाचे. भरतीओहोटी सांभाळून काम करावयाचे. आणि जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज यांच्यावर डोळा ठेवावयाचा. तटाच्या पायात शिसे ओतल्याचे सांगतात. चारी बाजूंस खारे पाणी असूनही आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, हे पाहून कोणासही आश्चर्य वाटते. ज्यांस सहलीस जाण्याचा योग येईल त्यांनी या विहिरी जरूर पाहाव्या.

या कामावर दगड चढत असतानाच वर घाटावर आकाश कोसळले. १६६५ च्या वसंतात मिर्झाराजे जयसिंग प्रचंड फौजेनिशी आले. पुरंदरास वेढा पडला, आणि दाऊदखान व कुतुबुद्दीनखान या सरदारांस मावळात लोहगड, विसापूर, तुंग व तिकोणा यांच्या भोवतालची गावे जाळीत फिरण्याची आज्ञा झाली. येथे आम्हांस जरा थांबावेसे वाटते. गड अभेद्य होता. परंतु गडाच्या पायथ्याची पेठ अभेद्य नव्हती. वर तटाआड शिपाई सुरक्षित असताना खाली त्यांचीच घरे, त्यांचेच गोठे आणि त्यांच्याच कणगी पेटत होत्या. तिकोण्याच्या माथ्यावरून पेठेची घरे किती जवळ दिसतात, हे आमच्या मुलांनी पाहिले आहे. त्या वर्षी तेथे पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसास खाली काय दिसले असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

महाराजांनी ती केली. मुरारबाजी पुरंदरावर पडला होता. लढाई लांबविली तर गड एकेक करून जातील आणि रयत त्याआधीच जाईल, हे त्यांस दिसले. जून १६६५ मध्ये ते स्वतः जयसिंगाच्या छावणीत गेले आणि तह झाला. त्या तहाने तेवीस किल्ले व चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांस द्यावा लागला. बारा किल्ले व एक लक्ष होनांचा मुलूख उरला. दिलेल्या तेवीसांत आमचे लोहगड, विसापूर, तुंग व तिकोणा हे चारही होते. वयाच्या सोळासतराव्या वर्षापासून एकेक दगड जोडून जे उभे केले, त्याच्या किल्ल्या पस्तिसाव्या वर्षी परक्याच्या स्वाधीन करण्याचा तो प्रसंग होता. पुष्कळ चरित्रांत तो चार ओळींत उरकतात. आमच्या मते महाराजांच्या आयुष्यातील कोणताही विजय या माघारीपेक्षा मोठा नाही, कारण त्या दिवशी त्यांनी दगड सोडले आणि माणसे राखली.

पुढे आग्र्यास जाणे, तेथील कैद आणि १७ ऑगस्ट १६६६ रोजीची सुटका या गोष्टी सर्वश्रुत आहेत. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन सिंहगड घेतला, आणि त्याच वर्षी लोहगडासह गेलेले बहुतेक गड परत आले. परत आलेल्या गडांची डागडुजी आणि नव्यांची बांधणी यांसाठी १६७१-७२ च्या सुमारास एकंदर १,७५,००० होन नेमून दिल्याचा कागद उपलब्ध आहे. त्यात एकट्या रायगडास ५०,००० होन होते. राज्य लहान, शत्रू मोठा, आणि खजिन्यातील एवढी रक्कम चुन्यादगडात! एखाद्या काटकसरी कारभाऱ्यास त्याचे वाईटही वाटले असेल.

रायगडाचे काम हिरोजी इंदुलकर यांनी केले. तेथील जगदीश्वराच्या देवळापाशी एक शिलालेख आहे. त्यात विहिरी, तळी, बागा, रस्ते आणि राजवाडे यांचा उल्लेख असून, हे सर्व छत्रपतींच्या आज्ञेवरून हिरोजीने केल्याचे म्हटले आहे. परंतु त्याहून हृदयास भिडणारी गोष्ट म्हणजे देवळाची एक पायरी. तिच्यावर हिरोजीने सेवेस तत्पर असल्याचे सांगून आपले नाव कोरविले आहे. रोमन तुकड्यांनीही आपली नावे भिंतीवर कोरली. हिरोजीने ते अशा जागी कोरले की, देवदर्शनास येणाऱ्याचा पाय त्यावर पडावा. ६ जून १६७४ रोजी महाराजांस याच गडावर राज्याभिषेक झाला.

गड बांधून झाला म्हणजे काम संपले असे नाही. तो राखावा लागतो. प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस व कारखानीस असे अधिकारी असत, आणि ते मुद्दाम निरनिराळ्या जातींचे नेमीत, म्हणजे संगनमताने फितुरी होऊ नये. खाली घेऱ्यात रामोशी, बेरड, महार, मांग यांच्या चौक्या असत. रात्रीच्या अंधारात झाडीतून सरकणारी सावली प्रथम त्यांच्या नजरेस पडे. इतिहासात त्यांची नावे आली नाहीत. हिरोजीस निदान एक पायरी मिळाली.

आणि सैन्याने रयतेशी कसे वागावे याविषयीही महाराजांचा कटाक्ष होता. रोमन शिपाई वाटेवरच्या मनुष्यास वेठीस धरून त्याच्या डोक्यावर ओझे देत असे, हे शुभवर्तमान वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. १६७३ च्या मे महिन्यात महाराजांनी चिपळूणच्या बाजूस छावणीत असलेल्या आपल्या अधिकाऱ्यांस जे पत्र पाठविले, त्याचा आशय असा की, पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आताच उधळाल तर पुढे उपाशी मराल, मग रयतेच्या घरात शिराल, आणि लोकांस मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटू लागाल. गवताच्या गंजीजवळ विस्तव नेऊ नये, रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते. ज्याने जळती खेडी पाहिली होती, त्याचेच हे पत्र आहे.

१६७७ मध्ये महाराज कर्नाटकात उतरले आणि जिंजीचा किल्ला त्यांनी घेतला. तेथे त्यांनी जुन्या बांधकामावर संतोष न मानता नवे तट घातले, खंदक खणले, बुरूज व जलाशय केले. त्या प्रांतात धर्मकार्य करणाऱ्या येशूसंघी पाद्र्यांनी स्वदेशी पाठविलेल्या पत्रांत या कामाचे वर्णन असून, युरोपातील स्थापत्यकारांसही ते नाकारता येणार नाही असा अभिप्राय त्यांनी दिला आहे. घरापासून शेकडो मैल दूर असलेल्या या गडावर एवढा खर्च कशासाठी, असा प्रश्न तेव्हा कोणी केला असल्यास त्याचे उत्तर मिळण्यास बारातेरा वर्षे लागली.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर ज्यात आहे, तो प्रसंग सांगतो. मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी नावाचे लहानसे बेट आहे. तेथे किल्ला झाला तर इंग्रज व सिद्दी या दोघांच्याही गलबतांवर नजर राहते. १६७२ मध्ये एकदा प्रयत्न झाला होता, तो फसला. ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे व चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि त्याने बांधकाम आरंभिले. पावसाळा सरला नव्हता. मुंबईच्या इंग्रजांनी हरकत घेतली, मग जहाजे आणून वेढा घातला. सप्टेंबरात त्यांचा एक अधिकारी थोडी माणसे घेऊन बेटावर उतरू पाहत असता मारला गेला. रात्री अंधारात किनाऱ्यावरून लहान होड्या चुना, दगड व धान्य घेऊन इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवीत बेटास लागत. सकाळी पाहावे तो भिंत उंचावलेली. १८ ऑक्टोबर रोजी दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर हल्ला केला. त्यांचे एक गलबत मराठ्यांनी धरले, आणि मराठ्यांचेही नुकसान झाले. पुढे सिद्दीही येऊन मिळाला. तरी बेटावर काम बंद पडले नाही. ज्या हातांनी चिरा बसवावयाचा त्याच हातांनी बत्ती द्यावयाची, असे ते चार महिने होते. रोमन पलटणींचे कोणतेही काम याहून कठीण परिस्थितीत झाले असेल असे आम्हांस वाटत नाही. अखेर जानेवारी १६८० मध्ये इंग्रज वेढा उठवून निघून गेले. सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले, परंतु खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. त्या बेटावर पुढे दीपगृह झाले. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले गेले, त्यांत खांदेरी आहे, लोहगड आहे, आणि जिंजीही आहे. तिकोणा नाही, याचे आमच्या मुलांस थोडे वाईट वाटले.

खांदेरीचा वेढा उठल्यानंतर तीन महिने होतात न होतात तोच, ३ एप्रिल १६८० रोजी, महाराजांनी रायगडावर देह ठेविला. त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते. नऊ वर्षांच्या आत संभाजी महाराज औरंगजेबाच्या हाती सापडून मारले गेले, आणि रायगडही पडला. राजाराम महाराज वेष पालटून दक्षिणेस निघाले आणि जिंजीस पोचले. बापाने बांधून ठेविलेल्या त्या तटांनी औरंगजेबाच्या सैन्यास १६९० पासून १६९८ पर्यंत अडकवून ठेविले, आणि तेवढ्या अवधीत महाराष्ट्रात मराठे पुन्हा उभे राहिले. जिंजीत असतानाच राजाराम महाराजांनी कृष्णाजी अनंत सभासद यांस आपल्या वडिलांचे चरित्र लिहिण्यास सांगितले, आणि सभासदाने त्या बखरीत महाराजांच्या गडांची नावे एकेक करून लिहून काढली.